भूरीचा पाय

"एवढासा रोटला? कोकिलावहू, भूरीला सहा पिल्लं आहेत. गिरणीवाल्याच्या घरचा रोटला, आणि पापडाएवढा?"

"काका, पिल्लं भूरीनं घातली आणि जाब मला?" म्हणत माझी बायको आणखी एक रोटला घेऊन आली. "धरा. तुम्ही काही खाल्लंत का सकाळपासून?"

"खाईन की."

पूंजाकाका पुढच्या दाराकडे वळले.

आमच्या गावात कुत्र्यांच्या नावानं सात बिघे जमीन आहे. तिची बाजरी माझ्या गिरणीत दळायची, पीठ घरोघर वाटायचं आणि रोज सकाळी घरटी एक रोटला कुत्र्यांसाठी थापायचा. ते गोळा करून वाटायचं काम पूंजाकाकांचं. लग्न झालं नाही, भाऊ सुरतेला गेले, ते राहिले. गावातल्या कुठल्याही कुत्र्याची आजी कोण, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील.

माणसांची मोजदाद करायची मला खोड आहे. गिरणीच्या पायरीवरून दुसरं दिसतं काय? बेचाळीस दारं, प्रत्येक दारात दोन-तीन वाक्यं. टोपली रिकामी झाली की काकांचं बोलणंही संपलं. पुढचा सगळा दिवस ते कुत्र्यांशी बोलत. दिवाळीला लोक कुत्र्यांसाठी आठवणीनं गूळ-तुपाची सुखडी पाठवत. काकांना जेवायला बोलवायचं राहून जाई. मन वाईट नव्हतं कोणाचं. रोज दारात येणाऱ्या माणसाला वेगळं काय बोलवायचं, एवढंच. या यादीत माझंही घर आहे.

मग अमेरिकेत गेलेल्या एका घरानं रोटल्यांचं मशीन द्यायचं ठरवलं. डेअरीच्या खोलीत बैठक झाली. गावच्या मंडळाचा गिरीश भलताच खुशीत होता.

"तासाला तीनशे रोटले, काका! टेम्पोत घालायचे, तीन ठिकाणी टाकायचे. तुमची दारोदारची वणवण संपली."

"सगळ्यांना पुरतील?"

"उरतील."

"थंडीत? व्यालेल्या कुत्र्यांना?"

"त्यांना दुप्पट! पण तुम्ही नको म्हणालात, तर मशीन येणार नाही. कुत्र्यांचं तुमच्याइतकं इथं कोणाला कळतं?"

काका खांद्यावरच्या पंच्याला गाठ मारत होते, सोडत होते. गेल्या पौषात जाडी कुत्रीची दोन पिल्लं दुधावाचून मेली, तेव्हा हा माणूस दोन दिवस घराबाहेर पडला नव्हता. मला त्या गाठीचा अर्थ लागत होता. दारं बंद होतील, असं मी एक वाक्य बोलायला हवं होतं. पण घरात रोज थापायची कटकट जाणार होती, म्हणून मीही गप्प बसलो.

"मग बसवा," काका म्हणाले. "माझं काय विचारता?"

टाळ्या पडल्या.

महिन्याभरात कुत्री टम्म फुगली. काका टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसत; अर्ध्या तासात काम आटोपे. पहिल्या आठवड्यात बायका एकमेकींना म्हणाल्या, "काका दिसत नाहीत हल्ली." दुसऱ्या आठवड्यात तेही कोणी म्हणेना.

एके दुपारी काका दारात उभे राहिले. बरोबर भूरी, उजव्या पुढच्या पायाला चिंधी.

"कोकिलावहू, थोडी हळद आहे का? हिच्या पायात काटा गेलाय."

बायकोनं हळद आणली, तेल कोमट केलं. काटा कुठे लागला, कसा लागला, बोरीचा की बाभळीचा, सगळी चौकशी झाली. त्या काट्यावर काका अर्धा तास बोलले. चहा झाला. वर रोटला आणि गूळही झाला. जाताना बशी धुऊन ठेवू का, असंही विचारून झालं.

तीन दिवसांनी पुन्हा आले. मी ओसरीवरच होतो. चिंधी आज डाव्या पायाला होती.

माणसांची थट्टा करणं हा माझा दळणाखालोखालचा धंदा. मी तोंड उघडलंच होतं. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की ते मुकाट्यानं मिटलं.

"बरंच लागलंय हो," ती भूरीचा पाय मांडीवर घेत म्हणाली. "अजून सूज आहे. उद्या पुन्हा दाखवायला आणा."

"उद्या?"

"जेवायच्या वेळेला आणा. आणि परवाही. काट्याचं काही सांगता येत नाही."

"नाहीच सांगता येत," मी म्हणालो. "माझ्या मामाला सहा महिने पुरला होता."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग पंच्यानं तोंड पुसून उठले, टोपी नीट केली आणि भूरीला घेऊन ओसरी उतरले.

समोरच्या लिंबाखाली खार दिसली. भूरी चारही पायांवर अशी सुटली की चिंधी मागे रस्त्यात पडली. काकांनी ती उचलली, झटकली, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"अगं हळू! पाय दुखतोय ना तुझा!"