एक पुस्तक, एक वीत

आश्विनातले ऊन उतरत होते. सुवर्णधूसर पुळणीवर सुरूच्या सावल्या लांबत होत्या, आणि समुद्र नीलनिश्चल, निरागस, जणू काही घडलेच नाही असा पहुडला होता. लबाड कुठला! सव्वीस दिवसांपूर्वी ह्याच समुद्राने हरेश्वर चोगल्याची होडी नेली होती. बाकीच्या साऱ्या होड्या वादळातून परतल्या. त्याची परतली नाही.

किनाऱ्यावरच्या शाळेत आणखी एक समुद्र होता. मागच्या भिंतीवर, कुमुदबाईंच्या जुन्या निळ्या पातळाचा. त्यावर पोरांनी चिकटवलेले रंगीत मासे, चंदेरी कासवे, उजव्या टोकाला अथांग खोल पाणी, डाव्या टोकाला पिवळ्या कागदाचा किनारा. आणि कागदाची एक शुभ्र होडी. पेटीत समुद्राची वीस पुस्तके होती. एक पुस्तक वाचले की होडी एक वीत पुढे.

"होडी काठाला लागली की दर्यावरची माणसं घरी!" गणपतीआधी खेळ मांडताना बाई हसत बोलून गेल्या होत्या. जिभेला हाड नसते.

तीन विती पुढे जाऊन पोरे कंटाळली. मग ते वादळ आले. आणि चौथ्या पुस्तकापासून वाचायला एकटी नीरा उरली, हरेश्वरची नऊ वर्षांची लेक.

वाचणे तिचे अडखळते. तरी ती देवमाशाचे वाची, शिंपल्यांचे वाची, दीपस्तंभाचे वाची. ओठ सुकत, बोट ओळीखालून सरके, आणि वीत वीत करत ती श्वेत होडी त्या निळाईतून पुढे येई. ही पोर कोणाची होडी ओढते आहे, ते बाईंना सातव्या पुस्तकाला कळले. सांगायला हवे होते. आज सांगू, उद्या सांगू, असे करता करता पेटी संपली. बाईंना स्वतःची भयंकर चीड आली.

आज विसावे पुस्तक संपले. होडी पिवळ्या काठाला टेकली. नीरा क्षणभर तिच्याकडे पाहत राहिली, आणि मग वाऱ्यासारखी धक्क्याकडे पळाली.

बाई खिडकीत उभ्या राहिल्या. पाणी रिकामे होते. क्षितिज रिकामे होते. धक्क्याच्या टोकाला एक इवलासा परकर फडफडत होता, फडफडत राहिला.

ऊन तांबूस झाल्यावर ती परत आली. रडली नव्हती. नुसती विचारात होती.

"बाई, पयली तीन बुकं मी नाय वाचली. दुसऱ्या पोरांनी वाचली. म्हणून बाबा आला नाय."

"नीरा, बाळा, ऐक..."

खरे ते ओठांवर आले होते. पण नीरा स्टुलावर चढलीसुद्धा होती. स्टूल डुगडुगत होते, म्हणून बाईंनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरले, आणि बोलायचे ते राहून गेले.

काठाला लागलेली होडी पोरीने सोडवली. माशांवरून, कासवांवरून, वीस विती मागे, खोल पाण्यात नेऊन लावली.

बाहेर सूर्य बुडाला. निळे होते ते काळवंडले. भिंतीपाशी मांडी घालून नीराने पहिले पुस्तक उघडले, पहिल्या ओळीखाली बोट ठेवले, आणि वाचू लागली. सावकाश, अगदी सावकाश, एकही अक्षर न गाळता.