ऐंशी पौंडांचा सूर्य

शनिवारी दुपारी लँकशायरमधल्या त्या क्रीडागृहात साप पाळणाऱ्यांचा मेळा भरला होता, आणि अर्धा मेळा एकाच टेबलाला चिकटला होता. टेबलामागे पांढरा कोट चढवून डॉक्टर ल्यूशियन फ्रॉस्ट उभे होते. कशाचे डॉक्टर, हे विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती.

"मंडळी, हा अजगर सकाळपासून अंधाऱ्या कोपऱ्यात पडून आहे. उदास! खचलेला! आता मी त्याला सूर्य देतो."

त्यांनी बटण दाबलं. काचपेटीच्या डाव्या टोकाला जांभळा उजेड पडला. डॉक्टरांनी पाच पौंडांची नोट त्याखाली धरली, तर तिच्यावरचा आकडा झगमगू लागला. गर्दीतून 'ओहो' उमटलं.

"हेच ते यूव्हीबी! उन्हातले डोळ्यांना न दिसणारे किरण! हाडांत शिरतात, रक्तात शिरतात, सापाच्या मनातही शिरतात!"

दहा मिनिटं ही टकळी चालली. तेवढ्यात अजगर कोपऱ्यातून खरंच बाहेर आला, सरपटत दिव्याखालच्या फरशीवर गेला आणि वेटोळं घालून बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंचे तर डोळे भरून आले.

नोरीन एंटविसलने मात्र कपाळाला आठ्या घातल्या. एकतीस वर्षं तिने शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं होतं. गृहपाठ कुत्र्याने खाल्ला, या मुलांच्या थापासुद्धा याहून बऱ्या रचलेल्या असत, असं तिला वाटलं.

तिच्या शेजारी तिचे शेजारीच उभे होते, क्लिफर्ड. बायको गेल्यापासून त्यांच्या घरात दुसरा जीव म्हणजे तिची अजगरीण, डचेस. पाच आठवडे डचेसने काही खाल्लं नव्हतं.

"डॉक्टरसाहेब," क्लिफर्ड पुढे झाले, "आमच्या डचेसच्या तोंडात पू झालाय. सोमवारपासून इंजेक्शनं द्यायची आहेत."

"इंजेक्शनं? अरेरे! विष टोचणार त्या मुक्या जिवाला? सात दिवस हा दिवा लावा, तोंड गुलाबासारखं होईल. फक्त ऐंशी पौंड."

क्लिफर्डनी तिथल्या तिथे फोन काढला आणि जनावरांच्या दवाखान्यातली सोमवारची वेळ रद्द केली. नोरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हसण्यावारी न्यायची वेळ संपली होती.

"डॉक्टर, तो दिवा जरा उजव्या टोकाला ठेवता का?"

"बाई, किरणांची दिशा बिघडते."

"सूर्य रोज पूर्वेकडून पश्चिमेला जातो, त्याचं काही बिघडत नाही. क्लिफर्ड, उचला हो तो दिवा."

क्लिफर्डनी बिचकत दिवा दुसऱ्या टोकाला ठेवला. सगळे अजगराकडे बघत राहिले. अजगर जागचा हलला नाही. जांभळा उजेड रिकाम्या कोपऱ्यावर पडत होता आणि 'सूर्यभक्त' अंधारात आरामात पहुडला होता.

"आता त्याच्या शेजारी फरशीला हात लावून बघा."

क्लिफर्डनी हात लावला. "अहो, ही तर गरम आहे!"

नोरीनने टेबलावरचं मखमली कापड वर केलं. पेटीच्या डाव्या टोकाखाली विजेवर तापणारी चटई होती आणि तिची वायर दिव्याच्याच बटणाला जोडलेली होती. जमलेल्या प्रत्येकाच्या घरी पेटीखाली अशी चटई असते. इतक्या सवयीची वस्तू, की ती इथेही असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. गारठलेला साप उबेला आला होता, बस.

"पण नोट चमकली ना?" मागून कुणीतरी विचारलं.

"दुकानात खोट्या नोटा ओळखायला ठेवतात ना, तसला दिवा आहे हा. त्याने नोट चमकते, पण ते किरण वेगळे. यूव्हीबीचा त्यात पत्ता नाही." तिने पिशवीतून यूव्हीबी मोजायचा मीटर काढून दिव्याखाली धरला. शून्य. मग तीच मंडळी घेऊन ती दारात गेली आणि मीटर आभाळाकडे केला. लँकशायरचं ते कळकट, ढगाळ आभाळ. तरी आकडा दोनवर गेला.

"मग खरा दिवा घ्यायचा कसा?" गर्दीतल्या एकाने विचारलं.

"रंग बघून नाही, मोजून. सापाची पाठ जिथे असते तिथे मीटर धरा. अजगराला एकच्या आसपास आकडा पुरे. मध्ये काच नको, काच ते किरण अडवते. लपायला सावली ठेवा. आणि साप आजारी पडला तर डॉक्टरकडे न्या, खऱ्या डॉक्टरकडे! कोट कुणीही घालतो. डोळे दिपले की आधी हात लावून बघा, हात त्यासाठीच दिलाय, देवाने म्हणा नाहीतर निसर्गाने."

सगळे आत परतले तेव्हा टेबल रिकामं होतं. घाईत महाशय स्वतःचा अजगरही विसरून गेले होते. तो अजून गरम फरशीवर निवांत होता.

क्लिफर्ड बाजूला उभे राहून फोनवर बोलत होते. "हो, मघाशी मीच रद्द केली होती. नाही, काही अडचण नव्हती. मी गाढवपणा केला." त्यांनी खिशातून पेन काढलं. "सोमवारी नऊ वाजून पाच मिनिटं? येतो. डचेसला घेऊन येतो."