पाणी फिरलं की बाजू फिरवायची

मी होडी बोलतेय, पालथी होडी. सीवूड्सच्या मागे, खाडीकाठी पडून असते. केतनच्या आज्याने, गोटीरामने, मला सागाच्या फळ्या जोडून उभी केली, जन्मभर वल्हवली आणि मासळी मिळेनाशी झाली तशी उलटी करून ठेवली. मला वाटलं, संपलं आपलं. कसलं काय! माझ्या पाठीचा कट्टा झाला.

एका टोकाला केतन बसायचा, मॉलमध्ये मोबाइल विकणारा. दुसऱ्या टोकाला त्याचा लहानपणापासूनचा दोस्त कुंदन, तळोज्याच्या कंपनीतला. दोघं नुसते वाद घालायचे. जुनं घर बिल्डरला द्यावं का, इथपासून काहीही. नियम एकच होता. ओहोटी संपून भरती लागली, किंवा भरतीची ओहोटी झाली, की बाजू फिरवायची. मघापासून जे खोडत होतो तेच आता जीव तोडून मांडायचं, आणि हरेल त्याने जिंकणाऱ्याचं ऐकायचं. दुसऱ्याच्या बाजूने बोलायला लागलं की माणसाला आपल्याच मतातली भोकं दिसतात, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. कितीदा तरी केतन घरी जाताना वेगळ्याच मताचा झालेला असायचा.

एका पुनवेच्या संध्याकाळी कुंदनला चिंबोऱ्यांना, खेकडे धरायला, जायचं होतं. केतन नको म्हणत होता, आज उधाण आहे, चिखलात अडकशील. तेवढ्यात पाणी फिरलं. मग केतनने बाजू फिरवली आणि 'जा' म्हणून असा काही बोलला की आता 'नको' म्हणायची पाळी आलेल्या कुंदनचं काही चालेना. कुंदन हरला. हसत टोपली उचलून खारफुटीत शिरला. भरती लागलीय म्हणूनच बाजू फिरली, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मी लाकूड, मला ओरडता येत नाही. दुसऱ्या दिवशी तो सापडला.

त्यानंतर केतन एकटाच येऊन बसू लागला. कोणाशी बोलेना, आई शेवंताबाईशीही नाही. आणि माझं ते रिकामं टोक पहिल्यासारखंच दबायला लागलं. वर कोणी नाही, पण फळी ओली, करकरणारी. केतन तिकडे बघायचा नाही. तिथे कोण बसलंय ते त्याला ठाऊक होतं.

एके संध्याकाळी ओहोटीला तिकडून आवाज आला.

"तुज्या बोलन्यावर गेलो मी. आता तू ये."

केतनने वाद घातलाच नाही. घाल रे, काहीतरी बोल, असं मला आतून वाटत होतं. तो मुकाट उठला, चपला काढल्या आणि चिखलात उतरला. गुडघ्यापर्यंत गेला. खारफुटीत पक्षी बोलायचे थांबले. लांबवर पाणी सळसळलं, माझ्या फळ्यांना ते लगेच कळतं. केतनलाही कळलं. जन्माची सवय, ती कुठे जाते? पुढे बघतच तो पुटपुटला, "कुंदन, पानी फिरलं."

माझी फळी करकरली.

"तू नुस्ता बोल्लास. गेलो मी, माज्या पायांनी. हाय हिंमत तर खोडून दाखव."

बाजू फिरली, म्हणजे आता केतनला स्वतःलाच दोषी ठरवायचं होतं. त्याने तोंड उघडलं. एकदा, परत एकदा. कुंदनपुढे कधी न अडणारा तो पोरगा, त्याला शब्द सुचेना. तो तिथेच चिखलात ढसाढसा रडला, आणि हरला म्हणून, दोष तुझा नाही हे कुंदनचं म्हणणं ऐकून घरी गेला.

आता केतन बायकोला, प्रियाला घेऊन येतो. ती कडाकडा भांडते, मला बरं वाटतं. तुमचाही कोणी दोस्त असेल तर नुसती मान डोलवू नका, त्याच्याशी मनसोक्त वाद घाला. प्रिया कुंदनच्या जागेवर बसते. तिथे ओल नाही, करकर नाही. केतन सुटला याचा मला आनंद आहे. पण ती उठून गेली की ते टोक फार हलकं लागतं, आणि मला त्या पोराची आठवण येते.