कोंबड्याचं मोठं अक्षर

मोना कापगतेनं फळ्यावरचा लहान डी पुसला आणि त्याच जागी मोठा डी काढला, पोट पुढं काढून उभा राहिलेला.

"नाव लिहायचं असलं की पहिलं अक्षर मोठं. माणसाचं असो नाहीतर गावाचं. मुलगी म्हणजे गर्ल, तिचा जी लहान. पण डिंपल?"

"मोठा डी!" दुसरीचा वर्ग ओरडला. सगळ्यांत मोठा आवाज खुद्द डिंपलचा. मग तिनंच हात वर केला.

"मॅडम, आमचा कोंबडा?"

"कोंबडा म्हणजे कॉक. लहान अक्षर."

"आन् त्याचं नाव ठेवलं तं?"

मोनाला हसू आलं. "नाव ठेवलंस तर त्यालाही मोठं."

आंबागडच्या शाळेत ती यंदाच आली होती. सांगितलेल्या नियमावर मुलं माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या चेहऱ्यानं बघत बसतात, याची तिला सवय झाली होती. हा नियम मात्र एकही पोर विसरलं नाही. आठवडा संपायच्या आत गावातल्या शेळ्यांना, वासरांना, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर झोपणाऱ्या लंगड्या कुत्र्यालासुद्धा नाव मिळालं. शाळा सुटली की मुलं खडूचे तुकडे मागून नेत आणि गोठ्याच्या दारांवर मोठी अक्षरं काढत.

शुक्रवारी डिंपलचा बाप, सेवकराम, शाळेच्या फाटकाशी उभा दिसला. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यानं हातात घेतला होता. गावच्या मंडईला, दिवाळीनंतरच्या जत्रेला, जेवायला या, असं आमंत्रण त्यानं मोनाला आधीच दिलं होतं.

"मॅडम, उद्या येऊन राहिल्या ना जी जेवाले?"

"येते ना, भाऊ."

"नाही, म्हणजे..." सेवकरामनं मान खाजवली. "तुमच्यासाठी कोंबडा ठेवला होता. आता पोट्टी कापू देत नाही. म्हणते, चंद्रकुमारले मोठं अक्षर आहे."

"कोणाला?"

"कोंबड्याले जी. चंद्रकुमार नाव ठेवलं तिनं. कालपासून काखेत घेऊन फिरून राहिली. जेवाले बसली तं मांडीवर कोंबडा."

मोनानं ओठ दाबून धरले, पण हसू डोळ्यांतून सांडलंच.

"तुमी सांगा ना तिले," सेवकराम म्हणाला, "का कोंबड्याले लहानच अक्षर असते म्हणून. आमचं नाही, पण तुमचं आयकते ते."

मोना बोटांवरची खडूची पूड झाडत राहिली. पूड केव्हाच झडून गेली होती.

"तसं नाही सांगता येणार, भाऊ. मीच शिकवलंय तिला. नाव आहे, तर मोठंच."

सेवकरामनं तिच्याकडे पाहिलं. मग तोही हसला.

"मंग वांगे खाऊन घ्या जी," तो म्हणाला आणि दुपट्टा खांद्यावर टाकून निघाला.

दुसऱ्या दिवशी गावात मंडई भरली होती. शाळेपुढच्या पटांगणात पाळणा फिरत होता, दंडारीच्या नाचगाण्याची ढोलकी पार शेवटच्या घरापर्यंत ऐकू येत होती. ते शेवटचं घर सेवकरामचं. अंगणात चंद्रकुमार मान ताठ करून हिंडत होता. ओसरीच्या निळ्या भिंतीवर डिंपलनं खडूनं घरातली नावं इंग्रजीत लिहिली होती. सेवकराम, रुखमा, डिंपल आणि डिंपलच्या खाली लगेच चंद्रकुमार. स्पेलिंग दोन ठिकाणी चुकलेलं, पण पहिलं अक्षर प्रत्येकाचं मोठं. मोनानं तिची पाठ थोपटली.

डिंपलची आई रुखमा कमी बोलणारी. तिनं वांग्याची भाजी, वडे आणि नव्या तांदळाचा भात वाढला.

"पोट्टीनं तुमचं जेवण बुडवलं, मॅडम."

"बुडवलं कुठं? वांगी वाढा अजून."

जेवणं झाली तशी डिंपल पाळण्यासाठी हट्ट करू लागली. सेवकराम तिला खांद्यावर घेऊन गेला. रुखमानं मोनाच्या हातांवर पाणी घातलं. तांब्या रिकामा झाला, तरी ती तिथंच उभी राहिली.

"एक विचारू का, मॅडम?"

"विचारा ना, ताई."

"ज्याचं बारसंच झालं नाही, त्याले मोठं अक्षर भेटते का?"

मोनाला आधी एखादं वासरू आठवलं. मग तिनं रुखमाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"डिंपलच्या पाठीवरचा," रुखमा म्हणाली. ती भिंतीकडे बघत होती. "बारशापर्यंत राहिला नाही. सारे बाबूच म्हणत त्याले. मी मनात नाव धरून ठेवलं होतं. कोणाले सांगतलं नाही. हिच्या बाबाले बी नाही."

बाहेर ढोलकी थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

"काय धरलं होतं?" मोनानं विचारलं.

रुखमानं एकदा अंगणाकडे पाहिलं. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"भुपेंद्र."

ते ऐकून ती स्वतःच जराशी दचकली. मोनानं ओले हात ओढणीला पुसले. पर्सच्या तळाशी खडूचा एक तुकडा सापडला. भिंतीपाशी जाऊन ती चंद्रकुमारच्या खाली जागा शोधू लागली.

"भेटतं, ताई. नाव आहे ना त्याला." तिनं खडू टेकवला. "बी मोठा."

"तिथं नोको जी." रुखमानं तिचा हात धरला. "डिंपलच्या खाली लिवा. भाऊ आहे ना तिचा."

डिंपलच्या खाली कोंबडा होता. रुखमानं पदराचं टोक भिजवून आणलं आणि चंद्रकुमारला हळूहळू, एकेक अक्षर करत पुसलं.

"त्याले खाली लिहू," ती म्हणाली. "लहान आहे तो."

ओल्या भिंतीवर खडू उमटेना. मग ती वाळेपर्यंत दोघी तिथंच उभ्या राहिल्या.