गाईच्या घमेल्यातली पेज

मित्रांनो, मी एक जुने आतडे आहे. नाक मुरडू नका. तुमच्याही पोटात माझे भाऊबंद वेटोळे घालून बसलेले आहेतच. मी चिमाचे. हातखंब्याजवळच्या एका वाडीत, तिची आई तुळसा हिच्या पोटात मी घडले. माझ्या शेजारीच माझे जुळे घडत होते. ते चिमाची बहीण गंगा हिचे.

माझे काम तुम्हाला वाटते तितके ओंगळ नाही. माझ्या अस्तरात काही पेशी अशा आहेत, की घास पोचला की त्या रक्तात निरोप सोडतात. शाळेत त्यांना संप्रेरके म्हणतात. एक निरोप पित्ताला बोलावतो, एक स्वादुपिंडाला जागे करतो, आणि एक मलाच बजावतो, "झिजलेले अस्तर नवे कर." माझ्याकडे जंतूंची मोठी वस्तीही आहे. नाचणीचा कोंडा मिळाला की ती गुण्यागोविंदाने नांदते आणि त्या पेशींना बोलते ठेवते. भिंतीपलीकडे शरीराचे शिपाई असतात. भिंत धड असेल तोवर तेही शांत. हा सगळा संसार त्या निरोपांवर चालतो, आणि निरोप घासावर.

मुली पाच वर्षांच्या होत्या. १९८४ च्या पावसाळ्यात वाडीच्या विहिरीत घाण उतरली आणि दोघींना जुलाब लागले. बाप मुंबईला. घरात शब्द चाले तो आजीचा, येसूबाईचा.

"पोट सुकूदे त्यांचा," ती तुळसाला म्हणाली. "पेज नको, पानी पन नको. घातलास तर सगळा भायेर येल."

तुळसाचा जीव तुटत होता, पण वाडीत सगळ्या हेच करत. तिने हंड्यावर झाकण ठेवले.

मग माझ्याकडे काहीच येईना. निरोप थांबले. अस्तर पातळ झाले, भिंतीला फटी पडल्या. कालपर्यंत गुमान राहणारे जंतू त्या फटींशी धडका देऊ लागले, आणि शिपाई बिथरून माझ्याच भिंतीवर चालून आले. मी फार घाबरले होते.

चिमा हट्टी. दुपारी आईची पाठ वळताच ती रांगत गोठ्यात गेली. व्यालेल्या गाईसाठी घमेल्यात मीठ घातलेली पेज काढून ठेवली होती. चिमाने त्यात तोंड घातले. ती खारट, कोमट पेज माझ्यात उतरली तेव्हा मला रडू आले असते, रडता आले असते तर. पाणी शोषले जाऊ लागले आणि एकेक निरोप पुन्हा सुटू लागला.

तुळसाने तिला पकडले आणि पाठीत धपाटा घातला. "मरशील ना गो!" म्हणत स्वतःच रडली. मग अंथरुणाजवळ बसून गंगाच्या कपाळावरून हात फिरवू लागली. "ही बग कशी गुनाची माजी बाय. कायच मागीत नाय."

गंगाने डोळे अर्धवट उघडले. मागायला तिच्यात त्राण कुठे होते!

दुसऱ्या दिवशी चिमा पेज मागत उठली. गंगा उठलीच नाही.

पुढे नर्सबाई वाडीत आल्या. "जुलाब लागले तरी पोराला उपाशी ठेवू नका. मीठसाखरेचं पाणी द्या, मीठ घातलेली पेज द्या. पोर मलूल पडलं तर दवाखाना गाठा," असे त्या सांगत होत्या. बाया माना डोलावत होत्या. तुळसा मात्र गोठ्यातल्या घमेल्याकडे बघत राहिली. येसूबाई त्यानंतर कुणाला औषध सांगायला गेली नाही.

मित्रांनो, मी आता थकले आहे. तुम्ही आम्हाला आजारात एकटे टाकू नका, एवढेच मागणे. चिमाला पुढे मुलगा झाला. एकदा त्यालाही जुलाब लागले आणि तो निपचित पडून राहिला. बघायला आलेली शेजारीण कौतुकाने म्हणाली, "गुनाचा हाय हो पोर, कायच त्रास नाय."

म्हातारी तुळसा पेजेची वाटी घेऊन धावतच आली.

"गुनाचा म्हनू नको त्याला," ती ओरडली. "उठव आदी!"