कुणाचं काही अडत नाही

पंडित सोनवणेनं पाच नंबरच्या संगणकाचं झाकण उचललं, तर आत वाळलेली पाल निघाली. चिमट्यानं ती उचलून त्यानं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पुडी हळूच टेबलाखाली सरकवली. पण नानांनी बघायचं ते बघितलंच.

"हे असं आहे बघा," नाना शेजारी उभ्या असलेल्या संगणकाच्या दुकानदाराला म्हणाले. "आता तुम्हीच सांगा."

नाना म्हणजे पारोळ्यातलं हे कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. दुकानदाराला त्यांनी मुद्दाम जळगावहून बोलावून घेतलं होतं. त्यानं आठही संगणकांवरून नजर फिरवली.

"नाना, हा माल चौऱ्याण्णवचा. आता अठ्ठ्याण्णव सरत आलं. नवी सिस्टिम यांच्यावर चढायची नाही. आणि चालू आहे ती कॉपी मारलेली. उद्या तपासणीला कुणी आलं, परवाने मागितले, तर काय दाखवाल?"

"परवाने घेऊन टाकले तर?"

"एका परवान्याच्या पैशात असले चार डबे भंगारात मिळतील. त्यापेक्षा मशीनंच बदला. आठ नग, सिस्टिमसकट, साडेतीन लाखांत बसवून देतो."

नाना हसले. "साडेतीन लाख असते तर मुलींच्या वसतिगृहावर छत नसतं का घातलं? राहू द्या. लॅबच बंद करू."

"नाना," पंडित म्हणाला. स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातातच होता. "दिवाळीच्या सुट्टीपुरतं थांबता का?"

कॉलेजात येणाऱ्या संगणकाच्या मासिकाबरोबर मागच्या महिन्यात एक सीडी आली होती. लिनक्स नावाची सिस्टिम. ती फुकट आहे, कितीही संगणकांवर टाका, कुणाची परवानगी नको, आणि जुन्या मशीनवरही ती चालते, असं आत लिहिलं होतं. पंडितनं ते पान तीनदा वाचलं होतं. तरी छातीठोकपणे सांगावं इतकी त्याची खात्री नव्हती. म्हणून त्यानं फक्त सुट्टीपुरती मुदत मागून घेतली.

तो हुद्द्यानं प्रयोगशाळा साहाय्यक. पण मुलं त्याला पंडित सर म्हणत. सकाळी अकरापासून हाका सुरू व्हायच्या. "सर, हँग झाला!" "सर, हा मेला!" एका तासात आठांपैकी चार-पाच मशीनं तरी मान टाकायची. पंडित उठायचा, बटण दाबून मशीन पुन्हा सुरू करायचा. ते सुरू व्हायला तीन-चार मिनिटं लागत. तेवढ्या वेळात समोरच्या पोराला किंवा पोरीला तो विचारायचा, "कुठल्या गावची तू? कापूस वेचून झाला का?" कुणाचा भाऊ सुरतेला कामाला गेला, कुणाच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, हे सगळं त्याला त्या तीन-चार मिनिटांत कळलेलं असायचं. बायको, रुक्मा, जाऊन चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. किल्ल्याकडच्या गल्लीत एक खोली होती आणि दोन्ही वेळचं जेवण खानावळीत. खानावळीत लोक ताटाकडे बघून जेवत.

सुट्टी लागली आणि कॉलेज ओस पडलं. शिपाई भिकन सकाळी लॅबचं कुलूप काढून द्यायचा आणि शेतावर निघून जायचा. सीडी वाचणारं यंत्र आठांत मिळून एकच. पंडित ते एका संगणकातून काढी, दुसऱ्यात बसवी. पहिले तीन दिवस काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी सरसर वर जात आणि मध्येच कुठेतरी थांबून राहत. तो त्या ओळी वहीत उतरवून घेई, मासिकातल्या लेखाशी ताडून पाही. चौथ्या दिवशी दुपारी ओळी थांबल्या त्या शेवटाला येऊन. संगणकानं त्याचं नाव विचारलं. पंडितनं नाव टाइप केलं. मग खुर्ची मागे सरकवून तो उभा राहिला आणि कुणाला सांगावं म्हणून दाराकडे बघितलं. व्हरांड्यात एक कुत्रं झोपलं होतं.

पाच नंबरचा काही केल्या ऐकेना. मासिकात पुण्याच्या एका जोशींचा पत्ता होता. अडचण आली तर कळवा, असं खाली छापलं होतं. पंडितनं कार्ड टाकलं. आठव्या दिवशी पाकीट आलं. आत हातानं लिहिलेली तीन पानं, आकृतीसकट. कुठली तार तपासा, कुठला आकडा बदला, सगळं क्रमानं. ना ओळख ना देख, आणि माणसानं तीन पानं लिहिली होती. शेवटी लिहिलं होतं, 'अडलंत तर पुन्हा लिहा. संकोच नको.' त्यातल्या दुसऱ्याच उपायानं पाच नंबर सुरू झाला. पंडितनं आभाराचं कार्ड टाकलं. त्याचं उत्तर आलं नाही, आणि यायचं कारणही नव्हतं.

सुट्टी संपली तेव्हा आठही संगणक चालू होते. टायपिंग, प्रोग्रॅम लिहिणं, अभ्यासक्रमाला लागे ते सगळं त्यांवर होत होतं. प्राचार्यांनी स्वतः बसून पाहिलं.

"चित्रंबित्रं नाहीत यात," ते म्हणाले.

"चित्रांची सोय आहे सर. पण मग ही मशीनं दमतात. मुलांना प्रोग्रॅम लिहायला एवढं पुरतं."

"आणि हे फुकट?"

"फुकट. आणि चोरीचं नाही."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर नानांनी माईकवरून संस्थेचे साडेतीन लाख वाचल्याचं सांगितलं. पंडितला शाल आणि नारळ दिला. टाळ्या झाल्या. पुढच्या आठवड्यात धुळ्याच्या एका कॉलेजातले दोन प्राध्यापक मुद्दाम लॅब बघायला आले. त्यांनी वहीत बरंच काही लिहून घेतलं, चहा घेतला आणि दोनच्या एस.टी.नं परत गेले.

एव्हाना लॅबमध्ये शांतता आली होती.

पहिल्यांदा पंडितच्या ते ध्यानात आलं नाही. मुलं यायची, आपापलं नाव टाइप करायची, कामाला लागायची. एक तास, दोन तास. आठ संगणक एकदाही अडत नव्हते. नुसता बोटांचा टकटकाट ऐकू येई. तास संपला की मुलं चपला घालून निघून जात. पंडित कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून असे. कधी तो आपणच उठून चक्कर मारी आणि कुणाच्या तरी मागे उभा राही.

"काही अडतंय का?"

"नाही सर. मस्त चाललंय."

एवढं बोलून मूल पुन्हा पडद्याकडे वळे. चालत्या कामात कापूस वेचण्याचं कसं विचारावं, हे त्याला सुचत नसे.

"सर," भिकन एकदा दाराशी टेकून म्हणाला, "आते तुमले काही कामच नई राह्यनं. मजा शे तुमनी."

"हो ना," पंडित म्हणाला.

रविवारी त्यानं एस.टी.डी. बूथवरून बोदवडला बहिणीला, झुंबरबाईला, फोन लावला. तिच्या शेजाऱ्यांकडे फोन होता. ती येईपर्यंत दोन मिनिटं गेली.

"जेवला का रे भाऊ?"

"जेवलो. तू?"

"झालं. तुह्या त्या मशिनी चालू झाल्या का?"

"झाल्या अक्का. आठही. आता बंदच पडत नाहीत."

"मंग ये ना चार रोज इकडं. आता तुले कोन अडवते?"

पंडितनं समोरच्या मीटरवरचे लाल आकडे पाहिले.

"कोणी नाही," तो म्हणाला. "येतो बघ."

पण तो गेला नाही. सोमवारी सकाळी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी त्यानं भिकनकडून किल्ली घेतली. लॅबमध्ये येऊन फडक्यानं टेबलं पुसली. पुसत पुसत तो तीन नंबरच्या संगणकापाशी आला आणि तिथंच घुटमळला. मग संगणकाच्या मागे हात घालून त्यानं कीबोर्डची जाड, गोल पिन अर्धवट बाहेर ओढली. लांबून बघितलं तर ती बसलेलीच दिसत होती. बाकीची टेबलं न पुसताच तो खुर्चीत येऊन बसला. रुमालानं कपाळ पुसलं.

अकराला मुलं आली. तीन नंबरवर वैजंता बसली. एरंडोलकडच्या एका खेड्यातून रोज एस.टी.नं येणारी, फारसं न बोलणारी मुलगी. तिनं संगणक सुरू केला, ओढणी सावरली, नाव टाइप करू लागली. काहीच उमटलं नाही. तिनं पुन्हा बोटं मारली.

पंडित खुर्चीत पुढे सरकून बसला. दोन्ही हात त्यानं गुडघ्यांवर ठेवले. तिच्या गावाला या वर्षी पाणी कसं आहे, एस.टी. वेळेवर मिळते का, घरी कोण कोण असतं, असं त्याच्या मनात जुळत होतं. तिनं मान वर केली. इकडेतिकडे पाहिलं. पंडित उठण्याच्या बेतात होता.

वैजंता खुर्चीवरून उठली. वाकून तिनं संगणकाच्या मागे पाहिलं, हात घातला, पिन चाचपली आणि अंगठ्यानं आत दाबली. खट् असा आवाज आला. ती परत बसली आणि टाइप करून पाहिलं. नाव उमटलं.

मग काहीतरी आठवल्यासारखं ती मागे वळली.

"सर, वायर निघाली होती. मीच लावली. चालेल ना?"

"शाब्बास!" पंडित म्हणाला.

ते जरा मोठ्यानंच निघालं. आठही जणांनी दचकून त्याच्याकडे पाहिलं. तो हसला. मुलंही हसली, आणि एकेक करत पुन्हा आपापल्या पडद्याकडे वळली.