दहा शेळ्या, एक बोकड

पंचफुलाबाईच्या शेळ्यांनी आजवर तीन गावांचं दारिद्र्य हटवलं होतं, आणि तिन्ही वेळा त्या दिवस बुडायच्या आत घरी परतल्या होत्या.

पहिल्या खेपेला जिल्हा परभणी होता. मग हिंगोली जिल्हा झाला, साहेब बदलले, जिपेच्या दारावरचं नाव बदललं. पण तपासणी निघाली की ऑफिसचा माणूस धनगरवाडीलाच यायचा. भाडं शेळीमागं दहा रुपये रोज, बोकडाचे पंधरा. शेळ्या दुसऱ्याच्या दारात उभ्या राहायच्या, वरचा साहेब त्या मोजायचा, कागदावर सही करायचा, की झालं. सरकारी शेळ्यांसाठी पंचफुलाबाईनं स्वतः दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा उत्तर आलं, तुमच्याकडं शेळ्या आहेत, तुम्ही योजनेत बसत नाही.

"ज्याच्याकडं हायेत त्याला देत न्हाईत," ती नवऱ्याला, पुंजाजीला म्हणायची, "आन ज्याच्याकडं न्हाईत त्याला माझ्याच देत्यात."

शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, पण घराच्या मागच्या भिंतीवर कोळशानं तिचा सगळा हिशेब मांडलेला असे. शेळीला एक उभी रेघ, करडाला ठिपका. तपासणीला गेलेल्या शेळीच्या रेघेला शेपूट. ती माणसंही तशीच मोजायची. पुंजाजी म्हणजे एक रेघ आणि चार ठिपके विड्यांचे, सून सुकन्या म्हणजे दोन रेघा, कारण ती दोघींचं काम करते. ऑफिसातले लोक मात्र तिनं अजून भिंतीवर घेतले नव्हते. त्यांना काय धरावं, हे तिचं ठरत नव्हतं.

दोन हजार तीन सालचा माघ होता. रविवारी दुपारी विस्तार अधिकारी डाखोरे फटफटीवरून उतरले. त्यांनी उतरताच पाणी मागितलं, यावरूनच तिनं ओळखलं की या खेपेचं काम मोठं आहे.

"मावशी, बुधवारी समिती येऊन राहिली. मुंबईहून. विधिमंडळाची."

"म्हंजे कोन?"

"आमदार. सात जण. सरकारनं दिलेला पैसा कुठं गेला ते हिंडून बघत्यात. नुसती सही करून जाणारे न्हाईत हे. रजिस्टर हातात धरून मोजत्यात. लालसिंगनाईक तांड्यावर रुख्मिणीबाईचा शेळीगट हाय आपला. दहा शेळ्या, एक बोकड."

पंचफुलाबाईनं तांब्या खाली ठेवला. रुख्मिणीबाईचा गट तिला चांगला माहीत होता. नाल्याच्या पलीकडं तांडा, अलीकडं धनगरवाडी. मध्ये हाकेचं अंतर. दोन वर्षांपूर्वी रुख्मिणीबाईला ऑफिसात बोलावून अंगठा घेतला होता. आठ दिवसांत शेळ्या येतील म्हणाले. शेळीसोबत फोटोही काढला होता. फोटोतली शेळी पंचफुलाबाईची, चांदी नावाची. चांदी त्याच दिवशी परत आली आणि रुख्मिणीबाईच्या दारात पुन्हा काही आलं नाही. दरवर्षी दिवाळी झाली की तिचा नवरा वसराम ऊसतोडीला जायचा. मिना आणि संगिता या दोन्ही पोरींना शाळेतून काढून रुख्मिणीबाईलाही कोयता घेऊन जावं लागायचं. दारात अकरा जनावरं असती तर तिला घरी राहता आलं असतं. या साली तर ती शेळ्यांच्या आशेवरच मागं राहिली होती. वसराम एकटा गेला होता.

"तिच्याकडं तर एकबी न्हाई," पंचफुलाबाई म्हणाली.

"म्हणून तर आलो ना. आन तिला सांगून आलो मी. जनावरं दिसली न्हाईत तर तिनंच इकली असं होईल. अंगठा तिचा हाय. केस तिच्यावर."

डाखोरे हे वाईट चेहऱ्यानं बोलले नाहीत. हवापाणी सांगावं तसं सांगितलं. पंचफुलाबाईला तेच टोचलं. समितीला शेळ्या दिसल्या की रुख्मिणीबाईचं खातं कायमचं बंद, शेळ्या मिळाल्या असं धरून. नाही दिसल्या तर रुख्मिणीबाई चोर. पंचफुलाबाईचा आकडा लागायला वेळ लागत नसे.

"पंचवीस रुपये बकरीमागं," ती म्हणाली. "बोकडाचे बी पंचवीस. आगाऊ."

"मावशी, दहाचा भाव हाय."

"तो साध्या साहेबाचा. आमदार सात हायेत म्हनले तुमी."

डाखोऱ्यांनी खिशातून पावणेतीनशे काढले. मग ते गोठ्यात शिरले. पंचफुलाबाईनं त्यांना कडेच्या शेळ्या दाखवल्या. "ह्या भाकड घ्या. ह्याह्नला करडं न्हाईत. दिवसभर गप उभ्या राहत्यात."

डाखोऱ्यांनी तिच्याकडं पाहून मान हलवली. बाई रोगट माल आपल्या गळ्यात मारतेय, हे त्यांनी लगेच ताडलं. गेली बारा वर्षं ते लोकांना रोगट मालच देत आले होते, त्यामुळं त्यांना त्याची पारख होती. त्यांनी स्वतः हात लावून दहा शेळ्या निवडल्या. भरलेल्या, तुकतुकीत, कास खाली लोंबणारी. सगळ्या ताज्या व्यालेल्या. त्या दहांची मिळून चौदा करडं.

"मग करडंबी घेऊन जा त्यांची," ती म्हणाली.

"करडं मोजणीत न्हाईत, मावशी. रजिस्टरात अकरा नग हायेत. तिथं पंचवीस दिसले तर आमदार विचारल, बाकीचे कुठले? करडं इथंच राहू द्या."

"कवा येनार समिती?"

"अकरा वाजता. बाराला तुमच्या बकऱ्या तुमच्या दारात."

"अकराला येत असतील तर काई तकलीफ न्हाई," पंचफुलाबाई म्हणाली आणि पदर सावरून हसली. तिला सात आमदारांची अकराची वेळ माहीत होती. तिच्या चुलतभावाच्या लग्नाला एकच आमदार यायचा होता, तर नवरानवरी उभ्या उभ्या वाळली होती.

संध्याकाळी ती नाला ओलांडून तांड्यावर गेली. रुख्मिणीबाई चुलीपुढं बसून होती. भाकरी तव्यावर करपून चालली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"पंचफुलामाय, खरं बोलले तर केस आन खोटं बोलले तर बकऱ्या गेल्या. मी काय करू?"

"भाकरी उलट आधी. बुधवारी तू काई बोलायचं न्हाई. उभी राहायचं. विचारलं तं म्हनायचं, थांबा जराक."

"काहून थांबा?"

"बकऱ्या बोलतील."

रुख्मिणीबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की जणू म्हातारीला ऊन लागलं. पण भाकरी उलटली.

बुधवारी सकाळी करडांना पाजून पंचफुलाबाईनं ती नेहमीसारखी डालीखाली कोंडली. धनगराच्या घरची रीतच ती. शेळ्या दिवसभर बाहेर, करडं बांबूच्या मोठ्या टोपलीखाली झाकलेली. दिवस कलला की कास तटतटते आणि शेळी कुणी न हाकता घर गाठते. मग डाल उचलायची. या एका गोष्टीवर धनगराचं घर चालतं. नऊ वाजता ऑफिसचा शिपाई आला आणि दहा शेळ्या, एक बोकड हाकत घेऊन गेला. नाल्यापलीकडं त्यांच्या कानांत सरकारी पिवळे बिल्ले ठोकले गेले.

अकरा वाजले. बारा वाजले. समितीचा फराळ हिंगोलीच्या विश्रामगृहात झाला, मग वाटेत एक बंधारा पाहायचा निघाला, मग जेवण. तांड्यावर ओळीनं बांधलेल्या शेळ्यांपुढं हिरवा चारा टाकला होता. तांड्याचे पुढारी लालसिंग नाईक डोक्याला फेटा बांधून सकाळपासून उभे होते. तीन वाजता ते फेट्यासकट बाजेवर आडवे झाले. डाखोरे दर दहा मिनिटांनी रस्त्याकडं बघत.

धुरळा दिसला तेव्हा साडेपाच होत आले होते.

नऊ जिपा आल्या. डाखोऱ्यांचे मोठे साहेब पुढं आले आणि शेळ्यांच्या गळ्यातली दावी पाहून त्यांनी तोंड वाकडं केलं. "बाजार मांडलाय का, डाखोरे? बांधलेली जनावरं कशी दिसतात? सोडा. मोकळी फिरताना दिसू द्या."

दावी सुटली.

समितीचे प्रमुख उंच, सावळे आमदार होते, साताऱ्याच्या बाजूचे. त्यांनी रजिस्टर उघडलं, चष्मा लावला आणि बोटानं मोजलं. "दहा आणि एक. बरोबर. बाई कुठंय?"

रुख्मिणीबाई पुढं झाली.

"बाई, ह्या शेळ्या तुम्हाला मिळाल्या?"

"थांबा जराक, साहेब," ती म्हणाली.

"काय थांबायचं?"

तेवढ्यात वारा नाल्यावरून इकडं आला. त्यात बारीक, एकसुरी ओरड होती. कान दिला तरच कळावी अशी. चांदीनं तोंडातला पाला टाकला आणि मान वर केली. तिच्या कासेतून दुधाचे थेंब मातीत पडत होते. एकदा ती ओरडली आणि सरळ आमदारांच्या पायांजवळून नाल्याच्या वाटेला लागली. तिच्यामागं दुसरी. मग उरलेल्या आठ. बोकडाला घरी काही काम नव्हतं, पण एवढ्या बाया निघाल्यावर तोही निघाला.

शिपाई आडवा धावला. डाखोरे आडवे धावले. शेळ्या दोघांच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या.

"जाऊ द्या," आमदार म्हणाले. त्यांनी रजिस्टर बगलेत धरलं. "माझ्या आजोळी शेळ्या होत्या. दुधाला आलेली शेळी अडवू नये. बघू तरी कुठं जातात."

जिपा नाल्यात उतरत नव्हत्या. सात आमदार, त्यांच्यामागं साहेब, त्यांच्यामागं लालसिंग नाईक सुटलेला फेटा सावरत, आणि सगळ्यांच्या पुढं दहा शेळ्या, अशी ती समिती दगडांवरून धनगरवाडीत आली. पंचफुलाबाई अंगणात बसली होती. शेळ्या आत आल्यावर तिनं आणि सुकन्यानं डाली उचलल्या. चौदा करडं उड्या मारत सुटली आणि एकही चुकलं नाही. जे ते आपल्या आईखाली शिरून ढुशा देऊ लागलं.

दूध ओढल्याचा आवाज तेवढा येत होता.

"कुणाच्या ह्या?" आमदारांनी विचारलं.

"दुधाला इथं येत्यात," पंचफुलाबाई म्हणाली. "कागदावर कुठं जात्यात ते डाखोरे साहेबाला माहीत."

डाखोरे बारा वर्षं या कामात मुरलेले होते. ते घाम पुसत पुढं आले. "साहेब, जागेची अडचण हाय तांड्यावर. लाभार्थी बाईनं करडं सांभाळायला इथं ठेवलीत. गट तिचाच."

आमदारांनी पंचफुलाबाईकडं पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "तिचा गट, तिची करडं. मंग चौदा करडं रजिस्टरात काहून न्हाईत? रविवारी तुमीच म्हनले, करडं मोजणीत न्हाईत."

आमदारांनी रजिस्टर उघडून पान वर-खाली पाहिलं. मग ते मागच्या भिंतीपाशी गेले, कारण पंचफुलाबाई तिकडं बोट दाखवत होती. तिनं त्यांना रेघा वाचून दाखवल्या. ही चांदी, तीन खेपा गेली, तीन शेपटं. ही काबरी, दोन खेपा. ही परभणी जिल्ह्यात गेली होती, ही हिंगोलीत. आमदारांच्या कारकुनानं बाजेवर टेकून भिंत उतरवून घेतली.

"रुख्मिणीबाई," आमदार वळून म्हणाले, "आता थांबू का बोलता?"

"बोलते," रुख्मिणीबाई म्हणाली. "अंगठा माझा हाय. तो ऑफिसात घेतला, चैताच्या महिन्यात, दोन वर्षं झाली. बकरी एकबी दिली न्हाई. ही चांदी फोटोपुरती दिली होती. मी इकलं न्हाई काई. इकायला हातात यावं तं लागते."

मोठे साहेब डाखोऱ्यांकडं पाहू लागले, डाखोरे करडांकडं.

"उद्या हिंगोलीत साक्ष आहे," आमदार साहेबांना म्हणाले. "खरेदीची पावती, व्यापाऱ्याचं नाव, वाहतुकीचं बिल, सगळं टेबलावर पाहिजे." मग ते पंचफुलाबाईला म्हणाले, "मावशी, खोटी आशा लावत नाही. समिती शेळ्या वाटत नाही. समिती नुसती विचारते."

"विचारा तेवढं," ती म्हणाली. "आमी विचारलं तं कुनी मान वर करत न्हाई. तुमी विचारलं तं उभे राहत्यात. तेवढ्यातच हाय सगळं."

सुकन्यानं सातही आमदारांना ताज्या दुधाचा चहा दिला. त्याचा आकडा पंचफुलाबाईनं लावला नाही.

साक्षीत काय झालं ते तांड्यापर्यंत आलं नाही. एवढंच कळलं की पावतीवरचा व्यापारी कुणाला सापडला नाही. पाडव्यानंतर निरोप आला, रुख्मिणीबाईनं शेळ्या घ्यायला जवळा बाजारला यावं. पंचफुलाबाईही सोबत गेली, कारण शेळीचे दात पाहणं हे अंगठा देण्याइतकं सोपं काम नाही.

बाजारात डाखोरे होते. खाली मान, हातात कागद. त्यांच्यासमोर दहा शेळ्या, एक बोकड. पंचफुलाबाईनं एकेकीचं तोंड उघडलं, कास दाबली, दोन परत लावल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या दोन घेतल्या. तासभर गेला.

"झालं आता," डाखोरे म्हणाले आणि शाईचा डबा उघडला. "अंगठा द्या, रुख्मिणीबाई."

रुख्मिणीबाईनं अंगठा पुढं केला नाही. ती व्यापाऱ्याच्या टेम्पोकडं बघत होती. टेम्पोच्या मागं जाळीत पाच करडं कोंबलेली होती, आणि इकडच्या तीन शेळ्या त्या दिशेला तोंड करून ओरडत होत्या.

"ती कुनाची?"

"ती येगळी. व्यापाऱ्याची," डाखोरे म्हणाले. "करडं गटात..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पंचफुलाबाई त्यांच्याकडं बघत होती, अगदी मायेनं.

"जाळी उघडा," रुख्मिणीबाई म्हणाली. "दहा बकऱ्या, एक बोकड, पाच करडं. सोळा लिहा. मंग अंगठा."

डाखोऱ्यांनी पेनानं अकरावर काट मारली आणि सोळा लिहिलं. बाजूला सही केली. रुख्मिणीबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं तो कागद शेजारच्या चहावाल्याकडून वाचून घेतला, दोनदा. मग अंगठा दिला.

परत निघताना पंचफुलाबाईनं डाखोऱ्यांना हाक मारली.

"साहेब, त्या बुधवारचं वरच्या वेळेचं भाडं राहिलं. बाराला आनून सोडतो म्हनले होते. बारा ते सहा, अकरा जनावरं. तुमी सोडली न्हाई, ती आपल्या पायानं आली. म्हनून अर्धेच लावते."

दसरा झाल्यावर ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम तांड्यावर आला आणि रुख्मिणीबाईच्या दारात उभा राहिला. मिना आणि संगिता शाळेत गेल्या होत्या. ती अंगणात बसून नवी डाल विणत होती, कारण जुन्या दोन डालींत करडं मावत नव्हती. तिनं मुकादमाला बसायला सांगितलं, चहा दिला आणि म्हणाली, "दुसऱ्या दाराला जा, भाऊ. इथं दिवस कलायच्या आत कुनीतरी घरी लागतं."